पाय वर घे

"उँगली डालके देख रहे हैं, चाय कितनी है," टपरीवरची बाई नवऱ्याला म्हणाली. आवाज खालचा होता, पण मी भट्टीजवळच, बिस्किटांच्या बरण्यांपाशी उभी होते. नवऱ्याने मान वळवून बाहेरच्या बाकाकडे पाहिलं आणि तो नाकातल्या नाकात हसला. "गरम है कि नहीं, वो भी पता चल जाता होगा," तो म्हणाला.

बाकावर माझे बाबा बसले होते. काचेच्या ग्लासाच्या कडेवरून बोट आत वाकवून, चहा कुठवर आहे ते चाचपत, मग ओठ पुढे नेत ते शांतपणे चहा पीत होते. त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं. ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांच्या आवाजावरून कुठला भरलेला, कुठला रिकामा, ते मला मोठ्याने सांगत होते. मी बाकावर नाही, आत आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

ते बोट मी कित्येक महिने घरात बघत होते. माठातलं पाणी ओतताना, आमटीच्या वाटीत, देवापुढच्या समईत तेल घालताना. मी त्याला सवय म्हणत होते. निवृत्त माणसांना सवयी लागतात, शेजारच्या काकांना दाराची कडी दोनदा बघायची सवय आहे, तशी ही. आता एका अनोळखी बाईने ते एका वाक्यात बोलून टाकलं होतं, आणि ते वाक्य माझ्यामागोमाग टपरीतून बाहेर आलं.

"चलो," बाबा उठत म्हणाले. "मधला रस्ता घेऊ या. पाऊस यायच्या आत जंगल पार करू."

आम्ही बाबांच्या जुन्या मित्राकडे निघालो होतो. दोघांनी सिंचन खात्यात एकत्र नोकरी केली, बरगीच्या धरणावर आणि त्याच्या भोवतालच्या गावांत आयुष्य काढलं. या मित्राला, म्हणजे काकांना, लकवा झाल्यापासून ते जंगलापलीकडच्या आपल्या गावी मुलाजवळ राहतात. बाबा अधूनमधून मोटरसायकलवरून त्यांना भेटून येतात. पूर्वी एकटे जायचे. या वर्षी आईने मला मागे बसवायला सुरुवात केली.

"तू असलीस की ते हळू चालवतात," आई म्हणाली होती, मुगाच्या लाडवांचा डबा पिशवीत घालताना. "माझा जीव टांगणीला लागत नाही."

मी मागे बसले की घरातले सगळे निश्चिंत व्हायचे. आई, फोनवरून भाऊ, पलीकडचे ते आजारी काकासुद्धा. फक्त मी बसलेली असायचे मागे, आणि मला दिसायचं की खड्डा समोर येतो आहे आणि बाबांचे खांदे हलत नाहीत. दुसऱ्या कोणाही चालकाचे खांदे खड्ड्याच्या आधी थोडे आक्रसतात. बाबांचे खांदे खड्ड्यानंतर आक्रसायचे.

आमच्या मोहल्ल्यात, दीक्षितपुऱ्यात, कोणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. तिथल्या गल्ल्या बाबांना पाठ आहेत. कुठे नाली उघडी आहे, कुठे दुधवाल्याची सायकल टेकवलेली असते, कुठल्या वळणावर गाय बसते, हे त्यांच्या हातांना माहीत आहे. गल्लीतून ते सरसर गाडी काढतात आणि लोक म्हणतात, साहेब अजून जवान आहेत. वर्तमानपत्र मात्र ते मला वाचायला लावतात. "तुझी हिंदी सुधारेल," म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव निघालं की उठून अंगणात जातात. आजोबांचा एक डोळा ऑपरेशननंतर गेला होता. त्यावर आमच्या घरी कधी बोलणं झालेलं नाही, पण बाबांचं अंगणात जाणं मला समजतं.

आणि मी गप्प का, हे मला कोणी विचारलं असतं तर सांगणं कठीण होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, गल्ली हिंदी, आणि मराठी फक्त उंबरठ्याच्या आत. आत आल्यावर तीच बोलायची, हा बाबांचा नियम, आणि ती नीट बोलायची, हा दुसरा. "आई भाजी करून राहिली," मी म्हणाले की पेपरमधून डोकं वर न काढता ते म्हणायचे, "करते आहे." "काहून नाही, का." "राहिली-बिहिली आपल्यात नसतं." क्रिकेट बघताना मात्र तेच ओरडायचे, "अरे, काय करून राहिले हे लोक." तेव्हा आई माझ्याकडे बघायची आणि आम्ही दोघी तोंड फिरवून हसायचो. पण एकूण मी मराठीत तीन शब्दांवर मोठी झाले. हो, नको, चालेल. पाहुणे म्हणतात, मुलगी फार शांत आहे.

तुम्हाला आता दिसत नाही, हे वाक्य मला इंग्रजीत येत होतं. इंग्रजीत ते एखाद्या डॉक्टरने सांगितल्यासारखं झालं असतं. हिंदीत आलं असतं, पण हिंदी म्हणजे टपरीवरची बाई. बाबांना ते आमच्याच भाषेत सांगायला हवं होतं, आणि त्या भाषेत मी त्यांना कधी काही सांगितलंच नव्हतं. मी फक्त उत्तरं दिली होती.

टपरीपासून थोडं पुढे डांबर संपलं आणि लाल मुरमाचा कच्चा रस्ता लागला. दोन्हीकडे मक्याची शेतं होती. लाडवांचा डबा आमच्या दोघांच्या मध्ये होता आणि प्रत्येक दणक्याला माझ्या बरगडीत रुतत होता. मी मागची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली होती.

"राम राम, भैया," बाबा एकदम मोठ्याने म्हणाले आणि त्यांनी एक हात वर केला.

मी शेताकडे पाहिलं. तिथे बुजगावणं होतं. काठीवर निळा शर्ट, वर मडकं.

थोडं पुढे गेल्यावर बाबा म्हणाले, "बघितलंस? पूर्वी या बाजूचे लोक लांबून हात जोडायचे. आता उत्तरसुद्धा देत नाहीत."

"हो," मी म्हणाले.

मला हसूही आलं नाही आणि रडूही. ते शर्टातलं बुजगावणं माझ्याकडे बघत मागे मागे गेलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण म्हटलं असतं तर बाबांनी केलेला तो नमस्कार मला परत घ्यायला लावावा लागला असता, आणि गाडी चालू होती, आणि माझ्या तोंडापुढे त्यांची पाठ होती. पाठीशी बोलता येत नाही. मी स्वतःला सांगितलं, काकांच्या घरी पोचल्यावर. मग सांगितलं, परतताना नक्की.

बाबा खुशीत होते. त्यांना या भागात आलं की बोलावंसं वाटतं. धरण भरलं तेव्हा कशी जुनी गावं हलली, कुठले रस्ते पाण्याखाली गेले, ते सांगत होते. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुना रस्ता वर येतो, समजलं? मैलाचा दगड पण. जसाच्या तसा. मी त्या दगडावर बसून डबा खाल्ला आहे. पावसाळ्यात त्याच्यावरून नाव जाते."

मग रस्त्याला फाटा आला. बाबांनी गाडी थांबवली, पाय टेकला.

"वाच बघू पाटी," ते म्हणाले. "बघू तुझी हिंदी."

गंजलेली पाटी होती, पण अक्षरं दिसत होती. मी काकांच्या गावाचं नाव वाचलं.

"बाण कुठे आहे?"

"डावीकडे," मी म्हणाले आणि त्यांच्या गालाजवळून हात पुढे काढून दाखवलं.

माझ्या आयुष्यातली ही जुनी गडबड आहे. शाळेत लेफ्ट-राइट कधी चुकलं नाही. पण हिंदीतला दायाँ, म्हणजे उजवा, आणि मराठीतला डावा हे दोघं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसले आहेत आणि मी एकाला हाक मारली की दुसरा उठतो. घरात हे सगळ्यांना माहीत आहे. मी डावीकडे म्हणाले की बाबा माझ्या हाताकडे बघतात. "हात एकीकडे, तोंड दुसरीकडे," असं म्हणून हसतात, आणि हात दाखवेल तिकडे वळतात. मी स्कूटी चालवायला लागल्यापासून तर ही आमची नेहमीची थट्टा होती.

त्या दिवशी माझा हात उजवीकडे दाखवत होता. बाबा हसले नाहीत. ते डावीकडे वळले.

मला वाटलं, त्यांना जवळचा रस्ता माहीत असेल. त्यांचंच जंगल. त्यांना वाटलं असणार, पाटी मी वाचली आहे.

आत शिरल्याशिरल्या उजेड हिरवा झाला. साल आणि साग इतके दाट की वर आभाळ फक्त फटीफटीतून दिसत होतं. पानांवरचं पाणी अजून गळत होतं, पाऊस थांबून बराच वेळ झाला असला तरी. रस्ता म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि मधे वाढलेलं गवत. एका चाकोरीत पाणी, दुसरीत चिखल. दोन्ही बाजूंनी घाणेरीच्या फांद्या गुडघ्यांना घासत होत्या. बाबांनी गाडी दुसऱ्या गियरमध्ये ठेवली होती. मागचं चाक सारखं घसरायचं आणि ते पाय टेकून सावरायचे. ताकद त्यांच्या पायांत अजून आहे.

थोड्या वेळाने बाबा हाताने तोंड पुसायला लागले. एकदा, दोनदा, परत.

"जाळी किती आहेत," ते म्हणाले.

कोळ्यांची जाळी होती, रस्त्याच्या या झाडापासून त्या झाडापर्यंत ताणलेली, थेंबांनी भरलेली, मधे तळहाताएवढे पिवळे कोळी. मला ती लांबून दिसत होती. बाबा सरळ त्यांच्यात जात होते आणि तोंडावर चिकटली की पुसत होते. माझ्या हेल्मेटच्या काचेवरही तुटलेले धागे आले.

मग माझ्या लक्षात आलं की जाळी अखंड आहेत. म्हणजे आज या रस्त्याने कोणी गेलेलं नाही. कालही नसेल. काकांच्या गावाला रोज दूधवाले जातात, शाळेतले मास्तर जातात, काकांचा मुलगा जातो. मी तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. डावा. दायाँ. उजवा. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं, जो मी फाट्यावर पुढे केला होता.

"बाबा, परत जाऊ या का?" मी म्हणाले.

"काहून? घाबरली का?"

काहून, ते म्हणाले. म्हणजे ते स्वतः ताणाखाली होते. तसे ते फक्त ताणाखाली किंवा फार खुशीत बोलतात.

"नाही. रस्ता वेगळा वाटतो."

"पावसात सगळे रस्ते वेगळे वाटतात. पुढे उतार लागेल, मग शाळा येईल. मला डोळे मिटून माहीत आहे."

गाडी वळवायला जागा नव्हतीच. दोन्हीकडे झाडी, मधे उंचवटा, चाक एकदा चाकोरीत गेलं की ती नेईल तिकडेच जायचं. मी मागे बसले होते, उडी मारून उतरले तरी कुठे जाणार होते? मी दांडी अजून घट्ट धरली. पुढे काय येतं आहे ते फक्त मला दिसत होतं, आणि क्लच, ब्रेक, सगळं बाबांच्या हातात होतं.

कधी काळी ते माझ्या हातात त्यांनीच दिलं होतं. कॉलेजात असताना एका हिवाळ्यात, शहराच्या गढा भागातल्या मोकळ्या मैदानात, याच गाडीवर. "क्लच सोड. हळू. अजून हळू. अंड्यावर पाय ठेवल्यासारखं." मी मैदानाला गोल गोल फेऱ्या मारल्या, चौथ्या गियरपर्यंत. परतताना कोणीतरी म्हणालं, साहब, बिटिया को डाकू बनाओगे क्या? बाबा हसले. पण त्यानंतर किल्ली मला मिळाली नाही, आणि मी मागितलीही नाही. स्कूटी घेऊन दिली. चालेल, मी म्हणाले होते.

खरंच उतार लागला. बाबा म्हणाले, "बघ, म्हटलं होतं ना." त्यांच्या आवाजात इतकं समाधान होतं की माझाही क्षणभर विश्वास बसला. पुढे झाडं विरळ होत होती आणि पांढुरका उजेड दिसत होता, जंगल संपून शेत लागावं तसा. बाबांनी गती वाढवली.

ते शेत नव्हतं.

रस्ता दोन्ही चाकोऱ्यांसकट खाली उतरत पाण्यात गेला होता. कडेला गवत पाण्याखाली वाकलेलं दिसत होतं. थोडं आत काही वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आले होते, त्यातल्या एकावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. त्याच्यापलीकडे नुसतं पाणी, आणि त्याच्या रंगाचंच आभाळ. समोरचा काठ नव्हता. हे धरणाचं पाणी होतं. बाबांनी ज्याच्यावर नोकरी केली, ज्याच्या खालचा दगड त्यांना आठवत होता, ते.

उतार संपायच्या थोडं आधी त्यांनी ब्रेक लावला. त्यांनी मान थोडी वाकडी केली, उजेड सहन होत नसल्यासारखे डोळे बारीक केले.

"पाणी साचलंय," ते म्हणाले. "एवढंसं आहे. निघेल."

मी त्यांच्या खांद्यावरून त्यांच्या चेहऱ्याची बाजू बघत होते. भुवईवर कोळ्याचं जाळं होतं. ते थट्टा करत नव्हते.

"पाय वर घे," ते म्हणाले.

माझ्या लहानपणी पावसात आमच्या गल्लीत पाणी भरायचं. शाळेतून आणताना गल्लीच्या तोंडाशी बाबा गाडी थांबवायचे आणि म्हणायचे, पाय वर घे. मी दोन्ही पाय जेवढे जमतील तेवढे वर उचलायची, त्यांच्या पाठीला गच्च धरायची, आणि आम्ही त्या पाण्यातून निघायचो, दोन्हीकडे पाण्याचे पंखे उडवत. ओट्यांवरचे लोक शिव्या द्यायचे. बाबा हसायचे. त्यांच्या पाठीतून ते हसणं मला गालाला जाणवायचं. जगात यापेक्षा सुरक्षित जागा नव्हती.

गियर पडल्याचा खट् आवाज झाला आणि माझे पाय आपोआप वर उचलले गेले. मी बघत होते समोर, पाणकावळ्याकडे, आणि माझे पाय हवेत होते.

मग मी ते खाली सोडले. दोन्ही बाजूंनी, टाचा चिखलात रुतेपर्यंत. मागची दांडी धरून सगळं अंग मागे टाकलं. गाडीने पुढे जायला हिसका दिला, मागचं चाक जागच्या जागी फिरलं, माझ्या पाठीवर चिखल उडाला.

"अरे, पाय वर घे म्हटलं ना," बाबा म्हणाले.

मी त्यांच्या काखेखालून हात घातला. डबा मधे आला, तो ढकलला, खाली पडला, झाकण निघालं असावं. हाताला किल्ली लागली. मी ती फिरवली आणि काढून घेतली.

इंजिन बंद झाल्यावर पाण्याचा आवाज ऐकू आला. डबक्यातलं पाणी आवाज करत नाही. हे पाणी काठाला हळूहळू थापट्या मारत होतं, लांबवरून येऊन. बाबांनी मान त्या आवाजाकडे वळवली. ते ऐकत राहिले. त्यांचे खांदे, जे कधी आधी आक्रसत नसत, ते आता आक्रसले होते.

"काय करून राहिली तू?" ते म्हणाले. पण आवाज बारीक होता, आणि प्रश्न त्यांनी माझ्याकडे न बघता विचारला होता.

माझी टाच चिखलात होती, किल्ली मुठीत होती, आणि मी दुसरा कुठला शब्द शोधला नाही.

"बाबा, तुम्हाला दिसून नाही राहिलं," मी म्हणाले. "उतरा. गाडी मी चालवते."